दिवस मावळायच्या आत

रोजे संपून लेबारान, म्हणजे ईद, उजाडायच्या आदल्या दिवशी गावी पोचायचं, तर बेकासी शहरातला शहाणा माणूस रात्रीच गाडी काढतो. उपाशी पोटी दिवसभर ऊन अंगावर घेत गाडी हाकायची हौस कुणाला? आमच्या गल्लीतल्या बाकीच्या गाड्या छपरावर पेट्या-बोचकी बांधून रात्रीच निघून गेल्या होत्या. वागियो मात्र अडून बसला होता. पहाटेची नमाज होऊ दे, चांगलं फटफटू दे, मग निघू.

"म्हातारा झालास होय रे?" शेजाऱ्याने त्याला टोमणा मारला.

"झोप मोडवत नाही आता रात्रीची," वागियो हसून म्हणाला.

खरं कारण त्याच्या डोळ्यांत होतं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेल्यातच जमा होता, आणि उजव्याच्या कडा खात खात अंधार आत सरकत होता. दिवसाउजेडी नाकासमोरचं दिसायचं, बाजूचं नाही. रात्री समोरून दिवे आले की सगळा रस्ता पांढरा व्हायचा, दिवे गेले की काळा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले होते आणि बजावलं होतं, गेलेली नजर परत येत नसते, आहे ती सांभाळा आणि स्टिअरिंगला हात लावू नका. थेंब वागियोने नेमाने घातले. स्टिअरिंगचं त्याने ऐकलंच नव्हतं असं धरून तो चालला.

हे फक्त त्याच्या बायकोला, तुमिनीला, ठाऊक होतं. त्याने सांगितलं नव्हतंच. तांदळाच्या डब्यामागे लपवलेली थेंबांची बाटली तिच्या हाताला लागली. चहा कपाबाहेर ओतणारा नवरा तर ती रोजच बघत होती. ती काही बोलली नाही, त्यानेही विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दोघांनी मुक्यानेच ठरवून टाकलं. त्याला दोन लेबारान झाले होते. मागच्या वर्षी पाठ धरल्याचं सोंग करून वागियो गावी गेलाच नव्हता. या वर्षी थोरल्या भावाने, कांग पार्दीने, निरोप धाडला होता: "माझं वय झालंय. पुढल्या लेबारानला मी खुर्चीत असेन की खड्ड्यात, मला ठाऊक नाही. येऊन पाया पडून जा."

लेक विवित महिन्याआधीच म्हणाली होती, "बापाक, आगगाडीची तिकिटं काढू? मी रात्री फोनवर बसून मिळवते."

वागियो खो खो हसला होता. "वागियोचं बिऱ्हाड आगगाडीने? लोक काय म्हणतील, किजांग गाडी विकून खाल्ली?"

त्याचं हसणं अगदीच पोकळ होतं असं नाही. सतराव्या वर्षी हा पोरगा वोनोगिरीच्या कोरड्या डोंगरातून बसच्या दाराला लोंबकळत निघाला, कंडक्टर झाला, रात्री उभ्या बसमध्ये क्लच-ब्रेक शिकला. पुढे त्याने बेकासीच्या गल्लीबोळांतून आंगकोत चालवली. आंगकोत म्हणजे दहा माणसांच्या डब्यात अठरा कोंबणारी वाहतूक. तिच्यावर जन्म काढून ज्याच्या गाडीला ओरखडा नाही असा दुसरा माणूस दाखवा. नवरी आणायला वागियो, अडलेल्या बाईला पोचवायला वागियो. विवित स्वतः त्याच्या आंगकोतच्या मागच्या बाकावर जन्मली, प्रसूतिगृह दोन चौक पुढे असताना. आता उतारवयात तो शेजारपाजारची पोरं जुन्या किजांगमधून शाळेत पोचवायचा. माणसाला एकच गोष्ट येत असली की ती सुटेपर्यंत तो तिला धरून ठेवतो, आणि सुटली तरी सुटली म्हणत नाही.

तर फटफटल्यावर ते निघाले. पुढे वागियो आणि तुमिनी, मागे विवित आणि तिची सहा वर्षांची लारस. जावई बोटीवर खलाशी, तो कुठल्याशा समुद्रात. वागियोचा हिशोब साधा होता. सूर्य वर असेतो गाडी हाकून संध्याकाळच्या बांगेआधी अंगणात गाडी उभी करायची. दिवस मावळला की तो आंधळा, आणि मागच्या सीटवर त्याची लेक आणि नात.

रोजा त्याने मुद्दाम धरला होता. प्रवाशाला सूट असते, तरी धरला. गाडी कुठे चुकली, धक्का लागला, तर म्हणायला एक कारण हवं होतं, की उपासाने गरगरलं. देवाच्या नावाने धरलेल्या उपासाचा असा उपयोग करताना त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

महामार्गावर चढताच तुमिनीचं तोंड सुरू झालं.

"लाल मोटारसायकल, डावीकडून. बाई गं, मागे फ्रिज बांधलाय. ट्रक आला बघा, उजवीकडे, केळ्यांचा. पिवळी पाटी, पुढे रस्ता अरुंद म्हणे."

"इबू, तू काय रेडिओ गिळलायस?" विवित मागून म्हणाली. "बापाकना दिसतंय की."

"मला झोप येते नाही बोललं तर."

"मग झोप. लारस झोपलीय बघ शहाण्यासारखी."

"तू गप गं. निळी बस, अगदी चिकटून."

वागियो खेकसायचा, "कळलं, कळलं," आणि निळ्या बसला वाट द्यायचा. तिच्यावर खेकसणं हा त्यांच्या सोंगाचाच भाग होता. आतून तो तिचा शब्द न् शब्द वेचत होता. तुमिनीचा आवाज एवढा वेळ बोलून घोगरा झाला होता, आणि तिलाही पाण्याचा घोट चालत नव्हता.

चिरेबोनपर्यंत ठीक गेलं. पुढे गाड्या तुंबल्या. सगळं जावा बेट त्या एका रस्त्यावर उतरलं होतं. गाडी एक गाडीभर पुढे जायची आणि थांबायची. ब्रेबेस आलं तसं सूर्य माथ्यावर आला. खारवलेल्या अंड्यांची दुकानं दिसल्यावर विवित म्हणाली, "दोन टोपल्या घेऊ की, मोकळ्या हाताने कसं जायचं?" वागियो म्हणाला, नको. या बाबतीत नको म्हणणारा बाप तिने जन्मात पहिल्यांदा बघितला. वागियोने एवढंच म्हटलं, "उशीर होतोय." मग लारसला शू लागली. थांब्याच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागलेली, तिथे घटका गेली. बाहेर आली तेव्हा पोरीच्या हातात सरबताची पिशवी होती आणि सावल्या पलीकडे झुकल्या होत्या. वागियोने त्या सावल्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांना घाईने गाडीत बसवलं.

तेवढ्यात त्याला ती बस दिसली. पाठीवर मोठ्या अक्षरांत वोनोगिरी. आमच्या डोंगरात काही पिकत नाही, पिकतात ते बसड्रायव्हर. वोनोगिरीचा माणूस परमुलखात वाट चुकला तर कुणाला विचारत नाही, वोनोगिरीच्या बसची पाठ धरतो. ती घरीच नेते. वागियोच्या जिवात जीव आला. बाजूचं दिसायला नको, पाट्या वाचायला नकोत. ती पांढरी अक्षरं नाकासमोर धरायची आणि जायचं.

"आता तू जरा गप्प बस, इबू," तो तुमिनीला म्हणाला. "घसा वाळला तुझा. ही बस आहे ना."

तुमिनीने डोळे मिटले. दमलेली बाई तिथल्या तिथे झोपली. वागियो त्या बसमागून तास दीड तास खुशीत गेला. बस वळली तसा वळला, उताराने उतरली तसा उतरला, आणि बस थांबली तेव्हा कळलं की तो एका भल्यामोठ्या खानावळीच्या आवारात उभा आहे. बसवाल्यांच्या ठरलेल्या खानावळी असतात. ड्रायव्हर तिथे गाडी लावतो, माणसं पाय मोकळे करतात. स्वतः कंडक्टर असताना वागियोने अशा आवारांत शेकडो वेळा पाय मोकळे केले होते. हे ज्याला पाठ असायला हवं, तोच फसला होता.

"बापाक, इथं कशाला आलो?" विवितने विचारलं.

"पाय मोकळे करायला," वागियो म्हणाला.

परत महामार्गावर चढायला गेला तर चढाच्या तोंडाशी अडथळे लावलेले. पोलीस म्हणाले, गर्दी फार, आता इथून वर सोडत नाहीत, जुन्या रस्त्याने जा. जुना रस्ता म्हणजे बाजार, सिग्नल, सायकली, आडवी येणारी बकरी. तुमिनीने पुन्हा बोलायला सुरुवात केली, पण आता तिच्या बोलण्यात गंमत उरली नव्हती. ट्रक. माणूस. माणूस. थांबा. चला. सेमारांग मागे पडलं तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. पुन्हा महामार्ग मिळाला. वागियोने गाडी अशी पळवली की विवितने पुढच्या सीटला धरलं. समोर मेर्बाबूचा डोंगर निळा दिसत होता. वागियोला तो दिसत होता म्हणजे अजून उजेड होता, आणि तो मनातल्या मनात सूर्याच्या पाया पडत होता, थांब रे बाबा, एवढा एक दिवस थांब.

सूर्य कशाला थांबतोय. सोलोच्या पुढे, सुकोहार्जोच्या अलीकडे, मशिदीमशिदीतून बांग झाली. रोजा सुटला, महिनाभराचे रोजे संपले, लोक रस्त्याकडेला एकमेकांना खजूर देऊ लागले. तुमिनीने एक खजूर नवऱ्याच्या तोंडात घातला.

"बापाक," तुमिनी हळूच म्हणाली, "समोर मशीद आहे. ओसरी मोठी आहे. पडू का रात्रभर इथं? सकाळी जाऊ."

वागियोचा जीव त्या ओसरीकडे धावला. पण विवितला हसू आलं. "इबू, काय बोलतेस? तासाभराचा रस्ता राहिलाय. पार्दीकाका दारात कंदील घेऊन उभे असतील. सकाळची नमाज चुकेल, लारस अवघडलीय. बापाकनी रात्र रात्र गाडी चालवलीय, त्यांना काय त्याचं? हो की नाही, बापाक?"

तिने इतक्या विश्वासाने विचारलं की नाही म्हणायला तोंड उघडेना. तिथे एक शब्द पुरला असता. दमलोय, एवढंही पुरलं असतं. पण वागियो म्हणाला, "हे काय, आलंच," आणि दिवे लावून त्याने गाडी रस्त्यावर घेतली. मी त्याला या दिवसातलं बाकी सगळं माफ करीन. हे नाही करणार.

पहिल्या समोरच्या दिव्यांनी रस्ता पुसून टाकला. त्याने वेग कमी केला. मागून हॉर्न वाजले. तुमिनी सीटच्या टोकाशी येऊन बोलत होती, "डावीकडे धरा, अजून, बस, सरळ, सरळ," आणि आता विवित हसत नव्हती.

"इबू, तू असं का सांगतेयस त्यांना?"

दूर ढोल वाजत होते. लेबारानची रात्र लागली की गावोगावची माणसं पलिते घेऊन 'अल्लाहु अकबर'ची तकबीर म्हणत रस्त्याने फिरतात. पुढे पोरं, मागे हातगाड्यावर मोठा ढोल. वागियोला पलिते दिसले नाहीत असं नाही. त्याला नुसता पिवळा उजेड दिसला, आणि त्याच वेळी समोरून ट्रकचे दिवे आले, आणि सगळं पांढरं झालं.

"थांबा!" तुमिनी किंचाळली.

त्याने दोन्ही पाय दाबले. गाडी फरफटत गेली आणि ढब्ब असा आवाज झाला. तो आवाज कसला ते वागियोला कळेना. हात स्टिअरिंगवरून निघेनात. मग बाहेर कुणीतरी हसलं. गाडीचं नाक ढोलाच्या हातगाड्याला लागलं होतं, ढोलाचं कातडं फाटलं होतं, आणि हातगाड्याच्या पुढे दोन हातांवर पोरांची रांग होती. लारसएवढी.

मिरवणुकीतला पुढारी, सार्नो नावाचा मिशीवाला गृहस्थ, खिडकीशी आला. "काही नाही झालं, काका. ढोल काय, पुन्हा मढवता येतो. कुठून आलात? बेकासी? आणि दिवसभर रोजा? अरे, गोड चहा आणा रे यांना. उपासाने गरगरलं असणार."

दिवसभर जपून ठेवलेलं कारण परक्या माणसाने आपण होऊन हातात ठेवलं. वागियोने मान डोलावली. चहा आला. लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, उद्या लेबारान, आम्ही आजच माफ केलं म्हणत होते. एका बाईने लारसला केळ्याच्या पानातला भात दिला. विवितने बापाचं कपाळ टिपलं. तीही म्हणाली, "माझंच चुकलं. तुम्ही उपाशी, आणि मी घाई लावली. पाच मिनिटं टेका, बापाक, मग सावकाश जाऊ." सगळं मिटलं होतं. कुणाला काही कळलं नव्हतं. चहाचा ग्लास परत देऊन किल्ली फिरवायची एवढंच राहिलं होतं.

त्याने किल्लीला हात घातला. मागून लारसने आजोबांना हाक मारली, "काकुंग, पुन्हा तसं धडाम नाही ना करणार?"

वागियोला किल्ली फिरवता येईना.

"विवित," तो समोर बघत म्हणाला, "मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"काही दिसत नाही. रात्री तर काहीच नाही. ती पोरं मला दिसलीच नाहीत. तुझी आई ओरडली म्हणून."

तुमिनी डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडाशी धरून रडायला लागली. विवित आईकडे बघत राहिली, बापाकडे बघत राहिली. दिवसभराचा रेडिओ तिला आता कळला असावा.

"कधीपासून?"

"दोन लेबारान."

विवितने लारसला जवळ ओढलं. मग अगदी हळू, जणू तिलाच उत्तर नको होतं, म्हणाली, "लारस शाळेत कुणाच्या गाडीतून जाते, बापाक?"

वागियोने किल्ली काढून मांडीवर ठेवली.

"ती आणि गल्लीतली सगळी पोरं. रोज. दोन वर्षं." ती गाडीतून उतरली, तिने लारसला कडेवर घेतलं, आणि रस्त्याच्या कडेला त्या परक्या लोकांत जाऊन उभी राहिली. "मी या गाडीत बसणार नाही," ती म्हणाली. तुमिनी विनवायला गेली तर म्हणाली, "तू तर बोलूच नकोस, इबू."

शेवटी सार्नोने पलिता दुसऱ्याच्या हातात दिला, घरी सांगावा धाडला आणि स्वतः गाडी चालवायला बसला. आपल्या घरची लेबारानची रात्र टाकून परक्याला घरी पोचवणाऱ्या त्या माणसाला काय झालंय हे कुणी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. विवित लारसला घेऊन पुढे बसली. वागियो मागे. इतक्या वर्षांत स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर तो पहिल्यांदा बसला होता आणि पाय कुठे ठेवायचे हे त्याला कळत नव्हतं. डोंगर लागला. वाटेतल्या गावागावांतून तकबीर ऐकू यायची आणि मागे पडायची.

सकाळी नमाजेहून आल्यावर कांग पार्दीच्या ओसरीवर खुर्च्या मांडल्या. आमच्यात धाकट्याने थोरल्यापुढे गुडघ्यांवर बसून, त्याच्या मांडीवर कपाळ टेकून माफी मागायची असते. शब्द ठरलेले, उत्तरही ठरलेलं. वागियो आधी भावाच्या मांडीवर टेकला, रडला. म्हातारा म्हणाला, "आलास ना, बस झालं." मग वागियो खुर्चीत बसला आणि लेकीची वाट बघू लागला. ती येणार नाही असंच त्याला वाटत होतं.

विवित आली. नव्या कपड्यांत, डोळे सुजलेले. गुडघ्यांवर बसली, त्याच्या मांडीवर कपाळ टेकलं आणि म्हणाली, "बापाक, कळत-नकळत माझं काही चुकलं असेल ते पदरात घ्या."

"घेतलं, नदुक, घेतलं पोरी," तो म्हणाला. "माझंही तू पदरात घे."

यावर पोराने लगेच 'घेतलं' म्हणायचं असतं. विवितने म्हटलं नाही. मागे पुतण्यांची रांग खोळंबली होती. कपाळ त्याच्या मांडीवर तसंच ठेवून ती त्याला एकट्याला ऐकू येईल असं बोलली.

"माझ्याकडे नका मागू. परत गेल्यावर गल्लीत आपण दारोदार जातो ना माफी मागायला, सगळेच जातात, सगळेच तेच शब्द म्हणतात. या वेळी तुम्ही त्या पोरांच्या आयांना खरं सांगायचं. एकेका दारात. मग मागायची. मी येईन बरोबर."

ती उठली. तिच्यामागून कुणीतरी पुढे येऊन वाकलं. डोळ्यांतल्या पाण्यामुळे कोण ते वागियोला ओळखू आलं नाही. त्याने चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण लहानपणापासून पाठ असलेले ते शब्द त्याला काही केल्या आठवेनात.